दुसऱ्याच्या पाटीखाली स्वतःचं नेतृत्व

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'यशस्वी फ्रँचायझी व्यवसायासाठी लागणारे नेतृत्वगुण'. मी व्यापारी नाही. शिक्षणाने इंजिनिअर आहे आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण गेली काही वर्षं माझं काम दुकानांचं बिलिंग आणि मालाच्या नोंदी यांच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यामुळे एकाच नावाची, एकच माल विकणारी बरीच दुकानं मला रोज आकड्यांतून दिसतात. त्यातलं एखादं भरभरून चालतं, एखादं दोन वर्षांत कायमचं शटर ओढतं. पाटी तीच, माल तोच, भावही तोच. जागेचा फरक पडतो, हे खरं. पण जागा सारखीच असूनही फरक पडतो, तेव्हा तो दुकान चालवणाऱ्या माणसाचा असतो. आज त्या माणसाबद्दल बोलू.

हा विषय आपल्या घरांसाठी नवा राहिलेला नाही. आखातातून परतलेल्या मामूंची शिल्लक, अब्बांच्या निवृत्तीचे पैसे, अम्मीचे दागिने, यातून 'काहीतरी धंदा टाकू' असं ठरतं. धंद्याचा अनुभव नसतो, म्हणून तयार नावाकडे मन ओढतं. मग एक एजंट भेटतो आणि सांगतो, "तुम्हाला काही करायचं नाही, सगळं कंपनी बघते." या एका वाक्यावर भरोसा ठेवून घरं गहाण पडली आहेत. म्हणून आधी सांगतो, हे वाक्य खोटं आहे. कंपनी नाव देते, पद्धत देते, माल देते. दुकान तुम्हालाच चालवावं लागतं, आणि तेही दुसऱ्याच्या पाटीखाली, दुसऱ्याच्या नियमाने. त्यासाठी वेगळ्या प्रकारचं नेतृत्व लागतं.

आधी व्यवहार समजून घेऊ. फ्रँचायझीत तुम्ही सुरुवातीला एक रक्कम भरता. नंतर दर महिन्याला विक्रीतला ठरावीक टक्का कंपनीला देता, त्याला रॉयल्टी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी जाहिरातीचा वाटा वेगळा असतो. करार काही वर्षांचा असतो. करार संपला की पाटी उतरवावी लागते. दुकान तुमचं, जोखीम तुमची, पण नाव तुमचं नाही.

पहिला गुण : नियम पाळण्याची तयारी

आपल्याकडे नेता म्हणजे हुकूम सोडणारा, अशी समजूत आहे. फ्रँचायझीत पहिला गुण याच्या उलट आहे. दुसऱ्याने घालून दिलेली शिस्त आपण आधी पाळायची, मग दुसऱ्यांकडून पाळून घ्यायची.

मॅकडोनल्ड्सचं उदाहरण घेऊ. मूळ दुकान कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावातलं, मॅकडोनल्ड बंधूंचं. रे क्रॉक हा मिल्कशेकची यंत्रं विकत फिरणारा माणूस १९५४ साली तिथे गेला आणि त्यांची कामाची पद्धत बघून चकित झाला. तेव्हा त्याचं वय ५२ होतं. त्याने बंधूंशी करार केला, १९५५ साली इलिनॉय राज्यात डेस प्लेन्स इथे स्वतःचं दुकान उघडलं आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन बंधूंचे हक्क विकत घेतले. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फ्रँचायझीच्या मालकाने सुरुवात दुसऱ्याच्या पाटीखालीच केली होती.

त्याचा आग्रह तीन गोष्टींचा होता : दर्जा, सेवा आणि स्वच्छता. बटाटा किती जाड कापायचा, किती वेळ तळायचा, सगळं ठरलेलं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण गिऱ्हाईक त्याच खात्रीसाठी पैसे देतं. पुण्यात खाल्लेली चव नागपुरातही मिळेल, या खात्रीसाठी ते अनोळखी शहरात ओळखीची पाटी शोधतं. तुम्ही चीज थोडं कमी घातलं, स्वस्तातलं तेल आणलं, तर त्या दिवशी चार पैसे वाचतात. पण नुकसान तुमच्या एका दुकानाचं होत नाही, त्या पाटीखालच्या प्रत्येक दुकानाचं होतं. ते नाव तुमच्याकडे अमानत आहे. अमानतीचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

ज्याचा स्वभाव 'माझ्या दुकानात माझीच मर्जी' असा आहे, त्याने फ्रँचायझी घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. त्याने स्वतःच्या नावाचं दुकान टाकावं. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा माणूस फी नावाची भरतो आणि दुकान मर्जीने चालवतो.

दुसरा गुण : मोहल्ला ओळखणं आणि वरपर्यंत बोलणं

नियम पाळायचे म्हणजे गप्प बसायचं, असं मात्र नाही. याची गोष्ट मला फार आवडते.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन नावाचा मॅकडोनल्ड्सचा फ्रँचायझीधारक होता. त्याच्या दुकानाच्या आजूबाजूला कॅथलिक वस्ती होती. त्या काळी कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, आणि याच्याकडे विकायला तर सगळं मांसाचंच. शुक्रवारी गल्ला रिकामा राहायचा. ग्रोएनने लोकांना नावं ठेवली नाहीत. कंपनीला न सांगता गुपचूप दुसरं काही विकायलाही बसला नाही. त्याने माशाचं सँडविच तयार केलं आणि ते घेऊन कंपनीकडे गेला. क्रॉकला ते पसंत नव्हतं. त्याच्या डोक्यात अननसाची चकती घातलेला बर्गर होता. शेवटी ठरलं, दोन्ही विकून बघू, जे जास्त खपेल ते ठेवू. १९६२ सालच्या गुड फ्रायडेला मासा मोठ्या फरकाने जिंकला. तेच फिले-ओ-फिश. आज परदेशात हलाल मांसाची खात्री नसते, तेव्हा आपल्यातले कितीतरी लोक मॅकडोनल्ड्समध्ये जाऊन तेच मागवतात. एका वस्तीची धार्मिक रीत एका दुकानदाराने समजून घेतली आणि त्याचा उपयोग दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या धर्माच्या लोकांना झाला.

हे एकच उदाहरण नाही. बिग मॅक कंपनीच्या कचेरीत जन्मला नाही, तो पेनसिल्व्हेनियातल्या जिम डेलिगाटी या फ्रँचायझीधारकाने १९६७ साली आणला. सकाळच्या न्याहारीचा एग मॅकमफिन सांता बार्बराच्या हर्ब पीटरसनने बनवला, तोही फ्रँचायझीधारकच. कर्नल सँडर्सचा पहिला फ्रँचायझीधारक पीट हार्मन. त्याने १९५२ साली सॉल्ट लेक सिटीत ते चिकन विकायला सुरुवात केली, आणि 'केंटकी फ्राइड चिकन' हे नावसुद्धा त्याच्या दुकानाची पाटी रंगवताना सुचलेलं आहे. भारतात मॅकडोनल्ड्स १९९६ साली आलं, तेव्हा बीफ आणि पोर्क वगळलं, शाकाहारी स्वयंपाकाची जागा वेगळी केली, आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर सगळ्यांच्या तोंडी बसला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही असंच असतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपण वापरतो. त्यात चूक सापडली, तर आपल्यापुरती ठिगळं लावून मोकळं झालं की पुढच्या आवृत्तीत सगळं कोसळतं. शहाणा माणूस चूक नीट नोंदवतो, पुरावा जोडतो, दुरुस्ती सुचवतो आणि मूळ कोडमध्येच ती करून घेतो. फ्रँचायझीतही हीच रीत ठेवा. रमजानमध्ये दुपारी दुकान रिकामं असतं आणि इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, हे मुख्य कचेरीत बसलेल्या साहेबाला कसं कळणार? तुम्ही सांगायचं. पण 'साहेब, आमच्याकडे असं असतं' एवढं पुरत नाही. मागच्या रमजानची तासागणिक विक्री कागदावर काढा, वेळ बदलण्याची लेखी परवानगी मागा. तक्रार आणि प्रस्ताव यात एवढाच फरक आहे : प्रस्तावाबरोबर आकडे असतात.

तिसरा गुण : हिशोब स्वतःला कळणं

आता थोडं गणित. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या एका दुकानाचे नाहीत.

समजा, महिन्याची विक्री ४ लाख रुपये. रॉयल्टी ६ टक्के आणि जाहिरातीचा वाटा ३ टक्के, म्हणजे ३६ हजार कंपनीला. कच्चा माल विक्रीच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार. भाडं ६० हजार, पगार ९० हजार, वीज आणि गॅस ३० हजार. एकूण खर्च ३ लाख ७६ हजार. हातात उरले २४ हजार.

आता विक्री ५० हजारांनी घटली, साडेतीन लाख झाली. भाडं, पगार, वीज तेवढंच धरू, १ लाख ८० हजार. माल १ लाख ४० हजार. कंपनीचे ३१ हजार ५००. बेरीज ३ लाख ५१ हजार ५००. म्हणजे तुम्ही दीड हजाराने तोट्यात, आणि कंपनीला त्याही महिन्यात ३१ हजार ५०० मिळालेच. कारण रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. हे वाक्य लिहून घ्या. एजंट हे सांगत नाही.

याच गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. विक्री ४ लाखच आहे, पण नासाडीमुळे, जास्त वाढल्यामुळे किंवा चोरीमुळे मालाचा खर्च ४० ऐवजी ४२ टक्के झाला. फक्त दोन टक्के. ते ८ हजार रुपये होतात, म्हणजे तुमच्या नफ्याचा तिसरा हिस्सा. चांगला मालक रोज रात्री दुकान बंद करताना किती माल आला, किती विकला, किती टाकला, हे बघतो. 'हिशोब सीए बघतात' असं जो म्हणतो, त्याचं दुकान कधी अडचणीत आलं हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. सीए वर्षाचा हिशोब करतात. रोजचा हिशोब मालकाचाच.

यात कर्जाचा हप्ता मी धरलेला नाही, आणि तुमचा स्वतःचा पगारही नाही. दिवसाचे बारा तास देऊन जेवढं उरतं, तेवढं नोकरीत मिळालं असतं का, हाही प्रश्न घाबरून न जाता विचारायचा.

चौथा गुण : माणसं धरून ठेवणं

अशा दुकानात काम करणारी मुलं अठरा-वीस वर्षांची असतात. अनेकांची ती पहिलीच नोकरी. ती वारंवार सोडून जातात, आणि प्रत्येक नव्या मुलाला शिकवण्यात दिवस जातात. त्या दिवसांत ऑर्डर चुकतात, गिऱ्हाईक चिडतं. म्हणून माणूस टिकवणं हा फक्त भलेपणाचा प्रश्न नाही, हिशोबाचाही आहे.

माणसं साध्या गोष्टींनी टिकतात. पगार ठरल्या तारखेला. आठवड्याच्या पाळ्या आधी लिहून लावलेल्या. चूक झाली तर सगळ्यांसमोर ओरडायचं नाही. ईदला कोण सुट्टीवर आणि दिवाळीला कोण, हे आधीच बसून ठरवायचं. ज्या दुकानात सगळ्या समाजांची मुलं-मुली आहेत, तिथे हे फार सोपं जातं, एकाच्या सणाला दुसरा उभा राहतो. फक्त नात्यातलीच मुलं ठेवली, तर ईदच्या दिवशी दुकानाला कुलूप लागतं आणि चाचांच्या मुलाला दोन शब्द सुनवायचे म्हटले तर घरात भांडण होतं. मुली कामाला असतील, तर रात्रीची पाळी किती वाजता संपते आणि त्या घरी कशा जातात, ही तुमची जबाबदारी आहे. ती घेतली की त्यांच्या घरचे लोकही निर्धास्त होतात.

आणि वाढायला वाट द्या. फ्रेड टर्नर नावाचा तरुण १९५६ साली क्रॉककडे ग्रिलवर कामाला लागला. कामाची नियमपुस्तिका त्यानेच लिहून काढली आणि १९७४ साली तो कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. तुमच्या दुकानातल्या फरशी पुसणाऱ्या मुलाला उद्या गल्ला, परवा मालाची नोंद शिकवली, तर तुम्ही आजारी पडलात तरी दुकान चालतं. गर्दीच्या वेळी मालक स्वतः काउंटरच्या मागे उभा राहतो का, हे मुलं बघत असतात. खुर्चीतून दिलेला हुकूम आणि शेजारी उभं राहून सांगितलेलं काम, दोन्हीचा परिणाम वेगळा होतो.

पाचवा गुण : कागद वाचणं

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. करार कायदा १८७२ चा, ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, असे इतर कायदे लागू होतात. अमेरिकेत कंपनीला करार करण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावंच लागतं : आधीचे कोर्टखटले, खर्च, किती दुकानं बंद पडली, सगळं. आपल्याकडे अशी सक्ती नाही. म्हणून ती माहिती मागण्याचं काम आपलं. करार किती वर्षांचा, मुदत वाढवताना पुन्हा फी किती, माझ्या किती अंतरात दुसरं दुकान देणार नाही, माल बाहेरून घेता येईल का, मध्येच सोडलं तर अनामत परत मिळेल का. हे प्रश्न लेखी विचारा. कंपनीने दाखवलेल्या दोन दुकानदारांशी बोलून थांबू नका. स्वतः पाच शोधा, आणि त्यात एक तरी असा असू द्या ज्याने दुकान बंद केलं आहे.

मोठ्यांचंही कसं बिनसतं ते बघा. उत्तर भारतात मॅकडोनल्ड्सने १९९५ साली विक्रम बक्षी यांच्याबरोबर निम्म्या भागीदारीत कंपनी केली. २०१३ साली वाद पेटला आणि बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केलं गेलं. प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात गेलं. जून २०१७ मध्ये परवान्यांचं नूतनीकरण न झाल्याने दिल्लीतली ४३ दुकानं बंद ठेवावी लागली. ऑगस्टमध्ये मॅकडोनल्ड्सने १६९ दुकानांचा करार रद्द केला. तडजोड झाली २०१९ साली. बरोबर कोण, चूक कोण, हे आपण ठरवायला नको. पण काउंटरवर उभ्या असलेल्या मुलांचा त्यात काय दोष होता? वरच्या दोघांचं बोलणं बंद झालं की खालच्यांचा रोजगार धोक्यात येतो. आणि परवान्याची तारीख मोठमोठ्या वादात कशी निसटते, तेही त्यातून दिसतं.

घरातल्या भागीदारीलाही हेच लागू. भावाभावांत, मेव्हण्यात 'आपल्यात कागद कसला?' म्हणायची पद्धत आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. लिहून ठेवणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं नाही. उद्या गैरसमज होऊ नये, म्हणून ती दोघांची सोय असते. अम्मीचे दागिने मोडले असतील, तर दुकानात तिचा हिस्सा किती, हेही त्या कागदावर यायला हवं.

आणखी एक सावधगिरी. नामवंत कंपन्यांच्या नावाने खोट्या वेबसाइटी चालतात. अमूलला तर याबद्दल लोकांना जाहीर इशारे द्यावे लागले आहेत. जागा न बघता, माणूस न भेटता कुणी आगाऊ पैसे खात्यात भरायला सांगत असेल, तर तिथेच थांबा.

पाटी आपलीही होऊ शकते

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आयुष्यभर दुसऱ्याचीच पाटी लावायची का? नाही. मोंजिनीस हे नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या केकच्या दुकानाचं ते नाव. ते बोहरा समाजातल्या खोराकीवाला कुटुंबाकडे आलं आणि पुढे फ्रँचायझीच्या वाटेने गल्लोगल्ली पोचलं. आज वाढदिवसाचा केक आणणारा माणूस मालकाचा धर्म विचारत नाही. केक ताजा आहे का, एवढंच विचारतो.

आपल्याकडे हातात चव असलेली माणसं कमी नाहीत. पण 'मीठ अंदाजाने' असेल, तर ती चव दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. ज्या दिवशी तुमच्या खालाची बिर्याणी वजन-मापासह कागदावर उतरेल आणि दुसरं कुणी ती तशीच बनवून दाखवेल, त्या दिवशी तुम्ही फ्रँचायझी देणारे होऊ शकता. ही शिस्त शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुसऱ्याचं नीट चालणारं दुकान.

म्हणून माझी एकच सूचना आहे. फ्रँचायझी घ्यायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी तीन महिने त्याच प्रकारच्या दुकानात नोकरी करा. पदवी असली तरी करा. टोपी घाला, ट्रे उचला, फरशी पुसा, रात्री माल मोजा. तीन महिन्यांत एक तर हे काम आपलं नाही हे कळेल आणि घरचे पैसे वाचतील, किंवा हेच करायचं हे पक्कं होईल आणि पहिल्या दिवसापासून मुलं तुमचं ऐकतील, कारण त्यांचं काम तुम्ही केलेलं असेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.